खाडा पडेल म्हणून

नाशिकच्या अंबडला माझं पत्र्याचं शेड आहे. टर्निंग, ड्रिलिंग, बर (कापलेल्या कडेवर राहिलेले धारदार कंगोरे) काढणं, पॅकिंग, असं गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. माणसं चौदा, त्यांत पॅकिंगला पाच बायका. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांतल्या सगळ्यात जुन्या मावशी महिन्यात दुसऱ्यांदा आजारी पडल्या. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, कंबर धरलेली. कामावर परत आल्या तेव्हा मी आपुलकीने सांगितलं, "मावशी, पाणी भरपूर पीत जा." त्या "हो शेठ" म्हणाल्या आणि खोकी चिकटवायला बसल्या.

आठवडाभराने माझी बायको हिशेबाच्या कामासाठी शेडवर आली. मावशी तिच्याजवळ बोलल्या. पाचही जणी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत दोन घोटांच्या वर पाणी पीत नव्हत्या. पाणी प्यायलं की संडासला जावं लागतं, आणि आमच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. कधीतरी तुटली होती, कुणी बसवली नव्हती. दार मशीनच्या बाजूला उघडायचं. एकीने बाहेर उभं राहायचं, दुसरीने आत जायचं, तेही लेथवरची पोरं जेवायला बसली की. पोरं मशीनवर असली तर नाहीच.

कडी ऐंशी रुपयांना आली. पुढे गवंडी लावून दार मागच्या भिंतीकडून काढलं, दिवा आणि नळ बसवला, त्याला बारा हजारांच्या आसपास लागले. त्या वर्षानंतर मावशींची ती तक्रार पुन्हा ऐकली नाही. आधीची दोन वर्षं मात्र मी त्यांच्या खाड्यांचे पैसे कापत होतो, आणि ते खाडे माझ्याच शेडने पाडलेले होते.

हे सांगायचं कारण असं, की कामगारांच्या आरोग्याचा विषय निघाला की आम्ही छोटे कारखानदार लगेच हात वर करतो. मोठ्या कंपन्यांकडे दवाखाना असतो, ॲम्ब्युलन्स असते, कँटीन असतं. आपल्याकडे काय आहे? पुढच्या महिन्याचा पगार निघेल की नाही याची चिंता. ती चिंता खरी आहे, मी ती वीस वर्षं केली आहे. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी मोठ्या कंपनीच्या मॅनेजरकडेही नसते. कामाचा अख्खा दिवस आपल्या हातात असतो. माणसाने कधी बसायचं, पाणी कुठे ठेवायचं, आजारी पडला तर किती कापायचे, हे आपण ठरवतो. वर विचारायला कुणी नाही. कामगाराची तब्येत या रोजच्या ठरवण्यातून घडते किंवा बिघडते, आणि यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा फार कमी लागतो. जिथे लागतो, तिथे तो सगळ्यात आधी पगारी रजेवर खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या पट्ट्यात दर वर्षी कुठे ना कुठे आरोग्य शिबिर भरतं. मांडव, फलक, रांग, रक्तदाब, साखर, वजन, हातात एक कागद. सहा वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात माझ्या लेथवरच्या माणसाचा रक्तदाब १७० वर ११० निघाला. वय सेहेचाळीस. कागदावर लाल पेनने लिहिलं होतं, "डॉक्टरांना दाखवा." त्याने कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. मीही ती यादी पाहिली होती. त्या आठवड्यात डिस्पॅच होता, नंतर विसरलो. सात महिन्यांनी दुपारच्या पाळीत त्याच्या हातातून माप घ्यायचा व्हर्नियर गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. पक्षाघात. माणूस वाचला, पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही.

त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा विचारलं, तेव्हाच का नाही दाखवलंस? तो म्हणाला, "शेठ, दुखत काहीच नव्हतं. आणि गेलो असतो तर खाडा पडला असता."

या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं दुखत नाही. खाड्याचे सहाशे रुपये त्याच शनिवारी दुखतात. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, जनऔषधी केंद्रात महिन्याभराची गोळी फार थोड्या पैशांत मिळते. औषध महाग नाही. ते आणायला जाणारा दिवस महाग आहे, आणि त्या दिवसाची किंमत मालक ठरवतो.

म्हणून माझ्याकडे आता वर्षाला सहा दिवस आजारपणाची पगारी रजा आहे. डॉक्टरचा कागद मागत नाही, कारण कागदासाठी शंभर-दोनशे रुपये मोजायला लावले तर रजेचा अर्थच गेला. शिवाय तासाभरासाठी दवाखान्यात जायचं असेल तर हजेरीत काही मांडत नाही. याचा हिशेब सांगतो, कारण लोक हिशेबालाच घाबरतात. चौदा माणसं, सरासरी रोज ६०० रुपये, सहा दिवस. सगळ्यांनी सगळ्या रजा घेतल्या तरी वर्षाचे ५०,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ४,२००. अजून एकाही वर्षी सगळ्यांनी सगळ्या रजा घेतलेल्या नाहीत. मापात चुकलेला एखादा लॉट कंपनीकडून परत आला की माझं याहून जास्त नुकसान होतं, आणि असे लॉट बहुतेक वेळा अंगात ताप असताना मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून निघतात.

शेजारच्या शेडवाल्याने मला विचारलं होतं, "लोक गैरफायदा घेतील त्याचं काय?" घेतात, एखादा घेतो. पण चौदा माणसांच्या शेडमध्ये कोण खरंच आजारी आहे हे मालकाच्या आधी त्याच्या शेजारच्या मशीनवाल्याला माहीत असतं. तीनशे माणसांच्या कारखान्यात रजेची फसवाफसवी खपून जाते. चौदांत जो विनाकारण घरी बसतो त्याचं काम बाकीच्या तेरांवर पडतं, आणि ते त्याला दुसऱ्याच दिवशी ऐकवतात.

रक्तदाब मोजायचं यंत्र दीड-दोन हजारांत येतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर आमच्याकडे ज्याला हवं तो मोजून घेतो. आधी पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून शांत बसायचं, त्याआधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही, हात छातीच्या पातळीला टेबलावर टेकवलेला. ही शिस्त पाळली नाही तर आकडा खोटा येतो आणि माणूस उगाच घाबरतो. १४० वर ९० किंवा त्याच्या वर दोन-तीनदा आलं तर डॉक्टरकडे, आणि त्या दिवसाचा पगार चालू.

यात एक गोष्ट मी चुकलो होतो. सुरुवातीला आकडे मी माझ्या डायरीत लिहायचो. तिसऱ्या महिन्यात निम्मे लोक यायचे बंद झाले. कारण साधं होतं. मालकाच्या डायरीत आपला रक्तदाब आहे म्हटल्यावर काम कमी झालं की पहिलं नाव आपलंच कापलं जाईल, ही भीती. ती चुकीची कशी म्हणू? आता प्रत्येकाकडे स्वतःची छोटी वही आहे. मोजण्याचं काम पॅकिंगच्या मावशींनी शिकून घेतलं आहे, मी त्या वेळी शेडबाहेर असतो. कुणाचा आकडा किती, मला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. कोण दवाखान्यात गेलं एवढं मला दिसतं, ते पुरेसं आहे.

क्षयाच्या बाबतीत ही भीती जिवावर बेतते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर तपासणी करायची, हे बहुतेकांना ठाऊक आहे. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो, आणि त्या काळात पोषणासाठी सरकार निक्षय पोषण योजनेतून पैसे देतं. २०१८ मध्ये ते महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. तरी माणूस खोकला दाबून काम करत राहतो, कारण टीबी म्हटलं की शेठ उद्यापासून येऊ नको म्हणेल. वास्तविक नियमित औषधं सुरू झाली की बहुतेक रुग्णांचा संसर्ग पसरवण्याचा धोका काही आठवड्यांत खूप कमी होतो. न सांगता चार महिने बंद शेडमध्ये खोकणारा माणूस सगळ्यांना धोका आहे, औषध घेणारा नाही. "टीबी झाला तर नोकरी जाणार नाही" हे एकदा सगळ्यांसमोर सांगायला मालकाला काहीही खर्च येत नाही. फक्त त्या शब्दाला नंतर जागावं लागतं.

आता ईएसआयबद्दल, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याबद्दल (कर्मचारी राज्य विमा), आणि इथे मला आमच्याच लोकांशी भांडायचं आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होतो, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी ३.२५ टक्के आहे, कामगाराची ०.७५ टक्के. सहाशे रोजाने सव्वीस दिवसांचे १५,६०० होतात. त्यावर मालकाचे ५०७ आणि कामगाराचे ११७. एवढ्यात कामगारावर आणि त्याच्या कुटुंबावर उपचार होतात, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळतात, कामावर अपघात झाला तर ९० टक्के. पक्षाघातासारख्या काही दीर्घ आजारांत पात्रता बसली तर ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळतात. माझ्या त्या लेथवाल्याचं घर याच पैशांवर चाललं. मी त्याला तेवढं देऊ शकलो असतो का? प्रामाणिकपणे सांगतो, नाही.

आणि तरीही किती शेडांमध्ये मशीनवर सोळा माणसं आणि हजेरीपत्रकावर नऊ नावं असतात, हे या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. याहून वाईट प्रकार म्हणजे नाव लावायचं, पण दिवस कमी दाखवायचे. माणूस महिन्याला सव्वीस दिवस येतो, कागदावर बारा. आजारपणाचे पैसे मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. बारा गुणिले सहा म्हणजे ७२. माणूस वर्षभर वर्गणी भरतो आणि गरजेच्या वेळी सहा दिवसांसाठी त्याचा हक्क बुडतो. मालकाचे महिन्याला पावणेतीनशेच्या आसपास वाचतात. शिबिर भरवून वर हे करणाऱ्याने आरोग्याचं नाव घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

नाव लावूनही अर्धं काम राहतं. माझ्याकडच्या निम्म्या लोकांनी ई-पेहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचं ओळखपत्र, काढलेलंच नव्हतं, बायको-मुलांची नावं जोडलेली नव्हती, कुणाच्या आधारवर आडनाव वेगळं. एका रविवारी माझ्या भाचीने लॅपटॉप घेऊन बसून सगळ्यांचं नीट करून दिलं. चहा-पोह्यांचा खर्च तेवढा झाला. सातपूरचं ईएसआय रुग्णालय आपल्यापासून काही किलोमीटरवर आहे. तिथे जाताना हातात चालू कार्ड हवं, आणि त्या दिवशी खाडा नको.

शेडमधल्या काही गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या करायला चर्चा लागत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे आणि केस झटकणं आजच बंद करावं. लोखंडाचा बारीक कीस डोळ्यांत जातो, धूळ छातीत जाते, आणि सवय इतकी रुळलेली असते की कुणाला त्यात चूक दिसत नाही. थिनर किंवा रॉकेलने हात धुणं बंद करून साबण आणि कापडाच्या चिंध्या ठेवाव्यात, हातांची खाज आणि भेगा महिन्यात कमी होतात. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथे कानांत प्लग हवेत. गोंगाटाने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आणि फोमच्या जोडीला काही रुपयेच पडतात. झाडण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडावं.

उन्हाचं मात्र थोडं सविस्तर लिहितो. नाशिक थंड हवेचं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त भाजतं. मार्चमध्ये पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारले तर दुपारचा फरक अंगाला कळतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी शहराचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करण्याची मोहीम घेतली, ती याच साध्या तत्त्वावर. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो. आमच्याकडे दोन रांजण आहेत, एक मशीनच्या ओळीत आणि एक पॅकिंगला. आधी एकच होता, ऑफिसच्या दारात, माझ्या खुर्चीसमोर. पाणी प्यायला मालकासमोरून जावं लागलं की माणूस कमी वेळा उठतो, हे रांजण हलवल्यावर पाण्याचा खप वाढला तेव्हा लक्षात आलं.

तंबाखूवर सगळ्यांनाच प्रवचन द्यायला आवडतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. शेडमध्ये हे प्रमाण डोळ्यांनाच जास्त दिसतं. मी आधी दंड लावला होता, पन्नास रुपये. त्याने फक्त पुड्या लपल्या. नंतर नीट पाहिलं तर मळणं दोन वेळांना होतं, सकाळी अकराच्या सुमारास आणि रात्रपाळीत दोन-तीनला. एकदा भुकेने, एकदा झोपेने. सकाळी सहाला घरून निघालेल्या माणसाला एक वाजेपर्यंत खायला मिळत नाही, तो तंबाखूवर वेळ काढतो. आता साडेदहाला चहाबरोबर शेंगदाणे-गूळ किंवा उसळ असते. रात्रपाळी मी दोन वर्षांपूर्वी बंद केली. ते प्रत्येकाला परवडेल असं म्हणत नाही. तिघांनी तंबाखू सोडली, बाकीच्यांची कमी झाली आहे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत नंबर रांजणाच्या वर लिहिलेला आहे, कारण भिंतीवरची तीच एक जागा सगळे रोज पाहतात.

कारखान्यांपुरतंच हे नाही. मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार इथल्या दुकानांत मुली सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभ्या असतात. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, मालकाला ते आळशीपणाचं वाटतं. संध्याकाळी पाय सुजतात, शिरा फुगतात. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. नाशिकच्या दुकानदाराने कायद्याची वाट कशाला पाहायची? काउंटरमागे चार स्टुलं ठेवली तर साडी कमी विकली जात नाही. ज्या मुली दिवसाचे दहा-अकरा तास उभ्या असतात त्यांना पावलं मोजायची ॲप आणि झुंबाचे वर्ग सुचवणारे लोकही मला भेटले आहेत. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण आधी स्टूल.

दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हंगामापुरत्या येणाऱ्या बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे. तिथे माणूस तीन-चार महिन्यांपुरता, पुष्कळदा ठेकेदाराचा. सहा दिवसांच्या पगारी रजेचं माझं गणित तिथे तसंच्या तसं बसत नाही. पाणी, कडी असलेला संडास आणि बसायची जागा एवढं तरी तिथल्या मालकाच्या हातात नक्की आहे.

उद्या सोडून जाणाऱ्या माणसावर खर्च का करायचा, हा प्रश्न मला नेहमी ऐकवला जातो. माझा अनुभव उलटा आहे. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, चालवायला शिकवलेला मुलगा पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या शेडला जातो, ही आमची जुनी रड. पगारी रजा सुरू केल्यापासून माझ्याकडून दोघं गेले, त्यांतला एक आठ महिन्यांनी परत आला. आई आजारी होती, तिकडे रोज कापत होते. त्यावरून सगळ्यांसाठी नियम काढणार नाही, पण माणूस टिकायला पगाराच्या आकड्याशिवाय दुसरंही काही लागतं हे मी पाहिलं आहे.

एकट्याला जे जमत नाही ते चार जणांत जमतं. आमच्या रांगेतल्या सहा शेडवाल्यांनी मिळून एक निवृत्त डॉक्टर ठरवले आहेत. महिन्यातून दोनदा, दोन-दोन तास येतात. प्रत्येकाच्या वाट्याला ८०० रुपये. निमा आणि आयमा या आपल्या कारखानदारांच्या संघटना रस्ते, वीज, पाणी यांसाठी सतत पाठपुरावा करतात. अशा रांगवार डॉक्टरांची सोय त्यांनी हाती घेतली तर सातपूर-अंबडच्या शेकडो छोट्या शेडांना ती सहज मिळेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले आहेत. त्यांत चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला स्वेच्छेने ईएसआयमध्ये येण्याची सोयही आहे. तपासणी झाली आणि कागद पुन्हा डब्याच्या पिशवीत गेला, असं व्हायचं नसेल तर पाठपुरावा करणारं कुणीतरी रांगेत असायला हवं.

शेवटचा मुद्दा आमच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा. दर वर्षी दर कमी करा म्हणतात, आम्ही करतो. वर्षातून एकदा-दोनदा त्यांचे लोक शेड तपासायला येतात. गेजचं कॅलिब्रेशन, रिजेक्शनचा तक्ता, जमिनीवरचे पिवळे पट्टे, सगळं पाहतात, गुण देतात. वीस वर्षांत एकानेही पॅकिंगच्या मागचं दार उघडून पाहिलं नाही, की हजेरीपत्रक आणि ईएसआयची वर्गणी भरल्याचं चलन शेजारी ठेवून माणसं मोजली नाहीत. त्यांच्या तक्त्यात तीन ओळी वाढवाव्यात: बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का, जेवढी माणसं मशीनवर तेवढी चलनावर आहेत का, आजारी माणसाचा पगार कापला जातो का. आणि पुढच्या वर्षीचा दर ठरवताना या तीन ओळींचे पैसे त्यात धरावेत. एका नगामागे ते किती पैसे होतात, हा हिशेब मी त्यांना करून द्यायला तयार आहे.